चौदा तासांचे कपडे

अल मजाज, शारजा
७ सप्टेंबर २०१२

चि. ईशानीस,
अनेक आशीर्वाद.

मेल्विनने तुझा निरोप पोचवला. शब्द जसेच्या तसे सांग असं मीच त्याला बजावलं होतं, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. "आईला म्हणावं, विमानात बसायचं नाही. एकदा झालं तेवढं पुरे." साडेतीन वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. मी त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

तिकीट काढून झालं आहे. व्हिजा आला आहे. ९ नोव्हेंबरला निघते, त्याच दिवशी दुपारी टोरांटोला उतरते. तुला डिसेंबरची तारीख दिली आहे. मेल्विनची हॉटेलातली ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. पहिलटकरणीने चौदाव्या मजल्यावर एकटं बसून राहायचं नसतं. तू दार उघडणार नसलीस तर मी जिन्यात बसेन, पण जिना तुझ्याच इमारतीतला असेल.

तू रागावून नको म्हणतेस असं मला वाटलं होतं. मेल्विन म्हणाला, "आई, राग नाही तो. ती घाबरलीय. बाबांसारखं तुमचं झालं तर, एवढंच रोज म्हणते." हे ऐकून मी फोन ठेवला. रागाला उत्तर नसतं, भीतीला असतं. म्हणून हे पत्र.

बाबांच्या पायात रक्ताची गाठ झाली आणि ती फुप्फुसात गेली. डॉक्टरांनी तुला हेच सांगितलं होतं. कपड्यांचा त्यात काही संबंध नव्हता. तरी मी काय घालून येणार ते तुला आधीच कळवणार आहे, म्हणजे तुला डोळ्यांसमोर आणता येईल.

अजून ठरलेलं नाही. ठरलं की लिहिते.

तुझी आई

---

शारजा
२१ सप्टेंबर

चि. ईशानी,

माझी नोकरी तुला नीट ठाऊक नाही, कारण ती तुझ्या अबोल्यानंतरची. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये युनिफॉर्म शिवण्याचा कारखाना आहे, तिथे मी चेकर आहे. बाबांच्या नोकरीबरोबर माझा इथला व्हिजाही जाणार होता, या नोकरीने तो राहिला. दिवसाला तीनशे पँटी माझ्या हाताखालून जातात. नवा युनिफॉर्म पास होण्याआधी एका कामगाराला तो घालून पूर्ण शिफ्ट करायला लावतात. उठणं, बसणं, वाकणं. संध्याकाळी मी शिवणी उलटून बघते, कुठे ताण आला, कुठे कातडी लाल झाली.

विमानाच्या कपड्यांना मी तीच परीक्षा लावली आहे. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा ते रात्री आठ, चौदा तास, खुर्चीत बसते. पुढे इस्त्रीचं टेबल, गुडघ्यांपासून चार बोटांवर. एसी अठरावर. हव्वाबी माझ्याबरोबर राहते, रत्नागिरीकडची, आमच्याच कारखान्यात शिवते. ती हवाई सुंदरी होते. साठीची आहे आणि समोरचे दोन दात नाहीत.

पहिल्या शुक्रवारी तिने ताट आणलं. "मॅडम, चिकन का व्हेज?"

"व्हेज."

"व्हेज खलास!" म्हणाली आणि हसत सुटली. "तू येडी झालीस काय गो, अनुराधाबाय? लोक विमानात बसायला पैसे देतात, तू फुकट बसतेस आणि वर तोंड वाकडं करतेस!"

त्या दिवशी साडी होती. आयुष्यभर साडीत वावरले, तेव्हा ती पास होणार याची खात्री होती. पाचव्या तासाला परकराची नाडी कमरेत रुतायला लागली. आठव्या तासाला पाय मुडपून बसावंसं वाटलं तर निऱ्या आड आल्या. संध्याकाळी कमरेभोवती बोटभर रुंदीचा लाल पट्टा होता. साडी बाद.

आज पंजाबी ड्रेस. नाडी आहेच, आणि चुडीदार पोटरीला आवळतो. पोटरी मोकळी राहायला हवी, हे मी वाचलं आहे. शारजाच्या लायब्ररीतून रक्ताभिसरणावरचं इंग्रजी पुस्तक आणलंय. शब्दकोश शेजारी ठेवून रोज तीन पानं होतात. दहावीनंतर कॉलेज बघितलं नाही, पण पोटरीला शरीराचं दुसरं हृदय म्हणतात हे आता मला माहीत आहे. चाललं की ती रक्त वर ढकलते. बसून राहिलं की थांबते.

म्हणून दर तासाला हव्वाबी ताटली वाजवते आणि मी स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत दहा फेऱ्या मारते. खाली खालिद लगूनचं पाणी दिसतं. बाल्कनीत पोचले की ती ओरडते, "यल्ला, परत फिर! समुद्रात उतरायचं नाय!"

पुढच्या शुक्रवारी ट्रॅकसूट. मला आशा नाही.

आई

---

शारजा
५ ऑक्टोबर

ईशानी,

ट्रॅकसूट बाद. नायलॉन. घाम आत राहतो आणि मग तोच गार पडतो.

पण आज कपड्यांचं नंतर. पहिल्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं होतं. कपड्यांचा संबंध नव्हता, असं. तो होता, आणि तू फोनवर जे ओरडलीस ते मला पाठ आहे. "आई, तो सूट तू घातलास त्यांना." त्यानंतर तू बोलली नाहीस. मी स्वतःला सांगत राहिले की पोरीने एकटीने अग्नी दिला, मला पोचता आलं नाही, त्या रागात बोलली. तू रागात होतीस. पण चूक नव्हतीस.

तुला ठाऊक नाही ते सांगते.

बाबांच्या कंपनीने चाळीस माणसं एका दुपारी काढली. व्हिजा रद्द झाला की इथे तीस दिवस मिळतात. कॅनडाचे कागद पाच वर्षांपूर्वी भरले होते ते नेमके त्याच महिन्यात हातात आले. सगळे म्हणाले, देव पाठीशी आहे. त्यांनी आधी तुझ्याकडे यायचं, मी घर आवरून मागून, असं ठरलं. निघायच्या सकाळी बाबांनी पलंगावर काय काढून ठेवलं होतं माहीत आहे? जुनी सुती पँट, कमरेला सैल झालेली, आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. म्हणाले, "अनु, चौदा तास बसायचंय. सैल काहीतरी घालतो."

मी ते उचलून कपाटात परत ठेवलं.

"काउंटरवरचा माणूस कपडे बघतो," मी म्हटलं. "साहेब म्हणून उतरा. नोकरी गेलेला माणूस वाटायला नको." सूट मीच इस्त्री केला. टायची गाठ विमानतळावर मीच वर सरकवली. आणि निघताना मी त्यांना म्हटलं, "चुणी पडू देऊ नका."

त्यांनी पडू दिली नाही. खिडकीची जागा होती, शेजारचे दोघं झोपलेले. त्यांना उठवायला नको, कोट चुरगळायला नको, म्हणून जागचे हलले नाहीत. सारखं जायला लागू नये म्हणून पाणी प्यायले नाहीत. हे सगळं त्यांनी मला फोनवर फुशारकीने सांगितलं. तूही त्या फोनवर होतीस, हसत होतीस. "आई, बाबांच्या पँटला एक चुणी नाही!" मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या बाईला मी बोलावून सांगितलं.

सहाव्या दिवशी तुझा फोन आला.

गेल्या आठवड्यात मी डॉक्टर कुबरांकडे गेले, आमच्या गल्लीतल्या क्लिनिकमध्ये. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, सूटने माणूस मरत नाही. न हलता बसल्याने गाठ होऊ शकते. काहींना बसूनही होत नाही, काहींना न बसता होते." मी म्हटलं, "डॉक्टर, सूटने त्यांना उठू दिलं नाही. आणि सूट मी घातला." त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. माझे पाय तपासले. शिरा थोड्या फुगल्या आहेत पण प्रवासाला हरकत नाही, म्हणाल्या. दाबाचे मोजे लिहून दिले आणि मापासाठी पोटरीला टेप लावला. टेप तिरका लावला होता. मी सरळ केला.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलं नाही. चूक कोणाची हे एकदा कागदावर यायला हवं होतं. तुझी नव्हती, त्यांची नव्हती. आता पत्र बंद करते, उद्या बस पावणेसहाची आहे.

आई

---

शारजा
१९ ऑक्टोबर

माझ्या ईशानीस,

परवा मेल्विनच्या फोनवरून मेसेज आला. इंग्रजीत, एकूण चार शब्द. "आइल सीट. नॉट विंडो."

मेल्विन असं लिहीत नाही. तो प्रत्येक मेसेजला आधी "हॅलो आई" लिहितो.

कारखान्याच्या बसमध्ये वाचला. शेजारी हव्वाबी पेंगत होती, तिला कोपराने उठवलं. तिने फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाली, "हे तर हुकूम झालं. आता जायलाच होया." संध्याकाळी तिने सगळ्या मजल्याला शेवयांची खीर वाटली. कारण विचारलं की सांगायची, "हिच्या लेकीने हिला भांडून सीट दिली!"

जागा बदलून घेतली आहे. रांगेच्या कडेची.

आणि कपडे ठरले.

आपल्याकडच्या बायकांचा सगळ्यांत आरामाचा कपडा कोणता, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. गाऊन. घरात दिवसभर गाऊन, बेल वाजली की वर ओढणी, खाली भाजीवाल्याकडे जाताना तोच गाऊन आणि तीच ओढणी. पण विमानात गाऊन घालून गेलं तर लोक म्हणतील बाई इस्पितळातून पळून आली. मी हव्वाबीला म्हटलं, "गाऊनच हवा, पण गाऊन दिसायला नको."

कारखान्यात यायच्या आधी तिने तीस वर्षं अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे पायघोळ झगे, शिवलेत. म्हणाली, "एवढंच ना?"

सुपरवायझर जेरार्डकडे कापडाचा शिल्लक तागा होता. मऊ, सुती, किंचित ताणणारं. तो म्हणाला, "आंटी, हे नर्सेसच्या युनिफॉर्मचं आहे, मरून रंगाचं. चालेल का तुम्हाला?" मी म्हटलं, "रंगाला काय करायचंय? ताणून सोड, जागेवर येतं का बघ." आलं. खांद्यापासून सरळ उतरणारा झगा, गुडघ्याखाली चार बोटं, दोन्ही बाजूंना चिरा. आत त्याच कापडाचा पायजमा. कमरेला नाडी नाही, हाताएवढा रुंद मऊ पट्टा. आतल्या शिवणी सगळ्या बाहेरून घेतल्या, म्हणजे कातडीला काही लागत नाही. बाह्या लांब, कारण एसी. खिसे पुढे, मांडीवर, पासपोर्टवर बसावं लागू नये म्हणून. मोजे डॉक्टरांचे. नव्वद दिरम! तेराशे रुपये, मोज्यांना! दुकानदाराला मी दोनदा विचारलं की जोडीचे का एकाचे. बूट एक नंबर मोठे, कारण पाय सुजतात.

पुण्याला तुझ्या आत्याला फोनवर सांगितलं. "वहिनी, या वयात पायजमा? आणि लाल?"

"वन्सं," मी म्हटलं, "चौदा तास तुम्ही बसणार आहात का?"

फोन त्यांनीच आधी ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आज शुक्रवार होता. सहा ते आठ बसले. दोन लिटर पाणी, दर तासाला फेऱ्या. आठ वाजता हव्वाबीने पट्टा खाली करून कंबर बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली. एकही लाल रेघ नाही. मी कारखान्यातला माझा शिक्का आणला होता. झग्याच्या आतल्या बाजूला उमटवला. पास.

आई

---

विमानातून
९ नोव्हेंबर

ईशानी,

सहा तास झाले. हे पत्र तुझ्या हातातच देणार आहे, तिकीट लावायची गरज नाही.

विमान उडताना मला भीती वाटली ते लपवत नाही. बाबा याच वाटेने गेले. खुर्चीच्या हातावर हात ठेवून मी मनात पोटरीचं पान म्हणत होते, इंग्रजीत.

पहिला तास झाला तशी उठले. मागच्या रांगेत एक सरदारणी, माझ्याहून मोठी, तीही नातवासाठी चाललेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टरजी, मेरे पैर सूज गए हैं, देखोगे?" मरून कपड्यांमुळे तिला मी नर्स वाटले. मी म्हटलं, "सिस्टर नहीं हूँ, पर चलो मेरे साथ." ती उठली. पुढच्या तासाला तिची जाऊ उठली. तिसऱ्या तासाला एक केरळी आजोबा, लुंगीवर कोट घातलेले. आता आमची सहा जणांची वरात आहे. दर तासाला शेपटापासून पडद्यापर्यंत आणि परत. हवाई सुंदरी आधी म्हणाली, "मॅम, प्लीज बसून घ्या." चौथ्या फेरीला तिने बाजू दिली. आता पाणी घेऊन वाटेत उभी असते, मॅरेथॉनमध्ये असतात तशी. सरदारणीने विचारलं हा सूट कुठून घेतला. मी म्हटलं, दुकानात मिळत नाही.

आजोबांना मी विचारलं, कोट का? म्हणाले, "मुलगा घ्यायला येणार. चांगलं दिसायला हवं." मी म्हटलं, "उतरताना घाला. आत्ता काढा." त्यांनी काढला. मी घडी घालून वरच्या कप्प्यात ठेवला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, मला खूप बरं वाटलं.

सहा तास गेले, आठ राहिले. ताटली वाजली असती आत्ता. उठते.

---

मिसिसागा
१६ नोव्हेंबर २०१२

प्रिय हव्वाबी,
सलाम.

तुला फोनवर "पोचले" एवढंच सांगितलं, कारण सगळे ऐकत होते. आता नीट ऐक. तू चौथीपर्यंत मराठी शाळेत होतीस, वाचता येईल. नाही आलं तर जेरार्डकडून वाचून घे, पण तुझ्या दातांबद्दल मी लेकीला काय लिहिलं होतं ते मला विचारू नकोस.

विमानातून मी माझ्या पायांनी उतरले. चाकाची खुर्ची आणून उभी केली होती, वयाकडे बघून. मी म्हटलं, हिच्यात माझी बॅग ठेवा. काउंटरवरच्या बाईने कपडे बघितले खरे. विचारलं, "आर यू अ नर्स?" म्हटलं, "नो. मदर." तिने शिक्का मारला.

बाहेर मेल्विन एकटाच येणार होता. तो दिसला. मग त्याच्या मागून पोट पुढे करून एक बाई आली, आणि ती माझी ईशानी होती. चेहरा भरलाय, केस कापलेत. साडेतीन वर्षांत मी हजार वेळा ठरवलं होतं काय बोलायचं. ती समोर उभी राहिली, मला डोक्यापासून बुटांपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आई, काय हा अवतार!"

हव्वाबी, मी हसायला लागले. तीही. आणि हसता हसता तिने मला अशी धरली की मध्ये पोट आलं तरी सोडेना. बाळाने लाथ मारली ती मला लागली. मेल्विन ट्रॉली घेऊन उभा, म्हणतो, "पार्किंगचे पैसे चाललेत हो." वसईचा आहे, शोभतो.

घरी आल्यावर तिला वाकता येत नव्हतं म्हणून मला सोफ्यावर पाय वर करायला लावून तिने माझ्या दोन्ही पोटऱ्या बघितल्या. गरम आहेत का, दुखतंय का, एक जास्त जाड आहे का. एकदा बघितलं की संपलं असं मला वाटलं. पण रोज सकाळी बघायची. "आई, पाणी पी. आई, चाल. आई, श्वास लागतोय का?" इतक्या हळू आवाजात बोलायची, जशी मी काचेची. तिच्या पूर्वीच्या आवाजासाठी माझा जीव तुटला. पण मला कळत होतं ती काय मोजतेय. तिचे बाबा सहाव्या दिवशी गेले.

सहावा दिवस काल होता, पंधरा तारीख. ती कामावर गेली नाही. दिवसभर माझ्या समोर बसली. मी कांदा चिरला तरी बघत होती. दुपारी मी म्हटलं, "ईशानी, सगळी पत्रं वाचलीस का?" म्हणाली, "वाचली. पाच ऑक्टोबरचं जास्त वेळा." मग म्हणाली, "मला सूट आवडला होता, आई. ते दारातून आले तेव्हा किती छान दिसत होते. मी फोटो काढला आणि म्हटलं, हलू नका. त्यांना तसंच अर्धा तास उभं केलं." हे ती कोणालाच बोलली नव्हती. मेल्विनलाही नाही.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "बाळा, उभं राहिल्याने काही होत नाही. मी पुस्तक वाचलंय." ती रडली. मीही. मग तिला झोप लागली, आणि माझ्या मांडीला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. डॉक्टर कुबरांना सांगू नकोस.

आज सातवा दिवस. सकाळी पाच वाजता मी उठले. ती झोपलेलीच. मेल्विन म्हणाला, आठवडाभर ती दर तासाला उठून माझ्या दाराशी येत होती, आज पहिल्यांदा उठली नाही. मग मी म्हटलं, हातासरशी हिचं स्वयंपाकघर लावून टाकू. डाळी वर, मसाले खाली, मीठ डाव्या हाताला. सगळं उलटंपालटं होतं, हव्वाबी, हळद चहाच्या शेजारी!

नऊ वाजता ती आत आली. कपाट उघडलं. आणि जी ओरडली! "आई! माझ्या किचनला हात कोणी लावायला सांगितला? मला काही सापडत नाहीये! प्रत्येक वेळी तुझं असंच! आल्या आल्या तू सगळं तुझ्या मनासारखं करायला बघतेस!" शेजारचं कोणी भिंतीवर ठोकलं. मेल्विन न्हाणीघरातून साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आला.

"बाई, ओरडू नकोस, बाळ ऐकतंय," मी म्हटलं.

"ऐकू दे! त्यालाही कळू दे आजी कशी आहे!"

ती सोळा वर्षांची होती तेव्हा रोज असंच ओरडायची. मी पदराने तोंड झाकून घेतलं, म्हणजे तिला माझं हसू दिसायला नको. पदर म्हणजे ओढणी, आता साडी कुठे.

मग तिच्यादेखत एकेक डबा मी परत होता तिथे ठेवला. दोन सोडून. मीठ डाव्या हातालाच बरं असतं, आणि हळद मसाल्यांतच.

तुझी,
अनुराधा